आधी त्यायले वाचून दाखव

आमच्या सरांकडे सायकल होती, पण त्यांना सायकलवर बसलेलं वर्ध्यात कोणी पाहिलं नव्हतं. ते ती हातात धरून चालायचे. रस्त्यात भेटलेला माणूस सायकलच्या दुसऱ्या बाजूनं चालू लागायचा आणि बोलणं सुरू व्हायचं. कोणी विचारलंच, "सर, बसत काऊन नाई?" तर म्हणायचे, "बसलो का मानूस मांगं राह्यते."

सर समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पन्नास-साठ विद्यार्थ्यांसमोर खडू धरून आयुष्य गेलं, पण बोलणं वऱ्हाडीच राहिलं. विद्यापीठातले मोठे लोक आले तरी त्यांच्याशीही तसंच बोलायचे. लग्न केलं नव्हतं. रेल्वेलाइनीच्या पलीकडे तीन खोल्यांचं घर होतं, त्यात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का राहत. त्या बहिणीला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. सरांकडे कोणी शिकलेलं माणूस आलं की आतल्या खोलीचं दार लागायचं. चहा तयार झाला की दारावर बोटांनी वाजवल्याचा आवाज यायचा, सर उठून कप घेऊन यायचे.

त्यांची एक लाडकी ओळ होती. कोणी त्यांच्या बुद्धीचं कौतुक करू लागलं की सर गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "नाई बाप्पा, मी मंद हावो. थे छापून आलं हाये." आम्ही हसायचो. आम्हाला ती सरांची गंमत वाटायची.

कापसाच्या जिनिंगच्या धंद्यात वर आलेल्या एका कुटुंबानं आईच्या नावानं न्यास काढला होता. त्या न्यासाकडून दरवर्षी एका तरुण संशोधकाला अभ्यासवृत्ती मिळायची. अट एवढीच की विषय समाजशास्त्रातला हवा, उमेदवार नुकताच अभ्यासाला लागलेला हवा आणि त्यानं वर्षभर गावात राहून काम करायला हवं. एका माणसाचं जेवण, खोली आणि एस.टी.चं तिकीट भागेल एवढे पैसे मिळायचे. पण आमच्यासारख्यांना त्याचं मोल फार होतं, कारण ती मिळवून चांगला अहवाल लिहिला की दिल्लीच्या मोठ्या अभ्यासवृत्तीसाठी अर्ज करता यायचा आणि पीएच.डी.चा रस्ता उघडायचा. निवड समितीत तिघे असत. प्रत्यक्षात निवड सरच करायचे.

आणि ते मुलाखत घ्यायचे वर्ध्याच्या एस.टी. स्टँडवर.

न्यासाच्या कार्यालयात पंखा होता, खुर्च्या होत्या. सर म्हणायचे, "ज्याले स्टँडवर ऐकू येत नाई, त्याले गावात काय ऐकू येईन?" उमेदवार इस्त्रीचे कपडे घालून, फायली छातीशी धरून यायचे आणि फलाट चारच्या बाकावर बसायचे. वरून कर्ण्यातून गाड्यांचा पुकारा, खाली शेंगदाणेवाले, मधूनच कोणाचं तरी बोचकं पायावर. सर शेजारी बसून चष्मा काढून खिशात ठेवायचे. ऐकताना ते नेहमीच चष्मा काढत. म्हणत, "दिसलं का मंग ऐकू येत नाई मले. मानसाचे कपडेच पाह्यत बसतो."

आणीबाणी उठली त्या सुमारास माझी मुलाखत झाली. मी नाचणगावची. वडील पुलगावच्या मिलमध्ये कामाला. आमच्या घरानं छप्पनच्या धर्मांतरानंतर बुद्धाची दीक्षा घेतलेली, आणि मी त्या घरातली एम.ए. झालेली पहिली मुलगी. वडिलांनी नागपूरला शिकू दिलं होतं, पण आता घरात स्थळं यायला लागली होती. ते म्हणाले होते, "एक वर्स देतो तुले. त्यात काही झालं त झालं."

सर सगळ्यांना एकच प्रश्न आधी विचारत, हे मला माहीत होतं. तो त्यांनी मलाही विचारला.

"तुह्या गावात असं कोनतं घर हाये, जिथचं पानी तू अजून पेली नाई?"

या प्रश्नानं भलेभले गडबडायचे. पाटलांची, देशमुखांची मुलं इथे पहिल्यांदाच आपल्या गावाचा नकाशा नीट आठवायला लागायची. मी तयारी करून आले होते, पण ऐन वेळी तोंडातून दुसरंच गेलं.

"सर, हा प्रश्न माझ्यासाठी उलटा आहे. मला कोणत्या घरांनी पाणी दिलं नाही, ते विचारा."

आर्वीची गाडी लागत होती. कंडक्टर ओरडत होता. सर बाकावर माझ्याकडे सरकून बसले. मग म्हणाले, "सांग."

मी सांगत गेले. किती वेळ ते आठवत नाही, पण आर्वीची गाडी सुटून दुसरी लागली होती. शेवटी सर उठले, सायकल घेतली आणि म्हणाले, "पुन्याहून आली का व तू? घरी असंच बोलते का? गावात जाशीन त घरच्या बोलीत बोलजो." म्हणजे माझी निवड झाली होती. पुढच्या वर्षी कळलं की पाण्याचा प्रश्न त्यांनी विचारायचा सोडून दिला. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "अर्ध्या मानसाइलेच लागू होये थो. एवढी वर्सं ध्यानात नाई आलं."

माझा विषय होता नवऱ्यानं सोडलेल्या, माहेरी परत आलेल्या बायका. गाव घेतलं आष्टी तालुक्यातलं, तळेगावहून आत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरचं. सरांनी गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग त्यांचे नियम सांगितले. पहिला महिना प्रश्न विचारायचा नाही, नुसतं ऐकायचं. कोणाला 'माहितीदार' म्हणायचं नाही, "थे काय पोलिसाचे खबरे हायेत?" अहवालात 'आढळते' हा शब्द लिहायचा नाही, "कोनाले आढळते? तुले का गावच्या कोतवालाले?" आणि शेवटचा नियम, जो सगळ्यांना त्रासदायक वाटायचा: अहवाल समितीला देण्याआधी ज्यांच्यावर लिहिला त्यांना त्यांच्याच गावात, त्यांच्या बोलीत, मोठ्यानं वाचून दाखवायचा. "आधी त्यायले वाचून दाखव. मंग आमाले."

गावात मला खोली मिळेना. आडनाव सांगितलं की खोलीत बियाणं ठेवलेलं निघायचं, नाहीतर पाहुणे येणार असायचे. दुपार कलली तेव्हा गावाच्या टोकाच्या घरातून एका बाईनं हाक मारली. तिचं नाव इथे वेणू म्हणू, खरं नाही. पस्तिशीची असेल. भावाच्या घराला लागून गोठ्याशेजारी एका खोलीत एकटी राहायची. मी उंबऱ्याबाहेरच थांबून सांगितलं, "बाई, आधीच सांगते, मी जयभीमवाली हावो."

ती म्हणाली, "म्या बी टाकलेलीच हावो. ये, आत ये."

वर्षभर मी तिथे राहिले. वेणू सकाळी कापूस वेचायला जायची, संध्याकाळी म्हैस पाहायची. रात्रीचं जेवण आम्ही एका ताटात कधी घ्यायला लागलो ते कळलंही नाही. तिच्यामुळे गावातल्या आणि आजूबाजूच्या अशा बायका माझ्याशी बोलू लागल्या. आणि थंडीत, शेकोटीपाशी, वेणूनं स्वतःचं सांगितलं. ती का परत आली, ते. तिच्या भावालाही ते माहीत नव्हतं. तिनं काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की ते ऐकल्यावर माझ्या अभ्यासातल्या बाकीच्या हकिकती मला फिक्या वाटू लागल्या.

मी नाव, वय, पीक, घराची दिशा, सगळं बदलून तो भाग लिहिला. कच्चा अहवाल नागपूरच्या एका विभागप्रमुखांना दाखवला. दिल्लीच्या निवडीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी तेवढाच भाग दोनदा वाचला. म्हणाले, "हे असंच पाठवा. तुमचं काम झालं समजा." मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी स्थळवाल्यांना निरोप धाडला की पोरगी अजून शिकणार आहे.

होळीच्या आधी, वेचणी संपली होती तेव्हा, वेणूच्या अंगणात दुपारी वाचन ठेवलं. पंधरा-वीस बायका आल्या. सर वर्ध्याहून आले होते, एका कोपऱ्यात चष्मा काढून बसले. मी वऱ्हाडीत वाचत होते. बायका मधून हसत होत्या, मधून "व्हय माय, असंच हाये" म्हणत होत्या. एकीनं मला थांबवून दुरुस्तीही केली. मग तो भाग आला.

मी नाव बदललं होतं. वय बदललं होतं. पण चार ओळी झाल्या आणि अंगण गप्प झालं. कोणीच वेणूकडे पाहिलं नाही. एकूण एक बाई खाली जमिनीकडे पाहत होती, आणि त्यावरूनच मला समजलं की सगळ्यांना समजलं. वेणू उठली, म्हशीपुढे कडबा टाकला आणि तिकडेच उभी राहिली.

मी पुढचं वाचलं नाही. बायका एकेक करून उठल्या. सगळ्या गेल्यावर वेणू आली.

"सांगतलं म्याच," ती म्हणाली. "खोटं नाई एक बी. पन आता तुह्या तोंडून ऐकलं त थे माह्यं नाई वाटलं. काढून टाक."

"वेणूबाई, नाव कोठी हाये तुमचं?"

"नाव कायले पाह्यजे?" ती एवढंच म्हणाली.

तळेगावच्या स्टँडपर्यंत मी आणि सर चालत आलो. मी भांडले. आयुष्यात मोठ्या माणसाशी तशी मी पहिल्यांदाच भांडले. म्हटलं, तो भाग काढला तर अहवालात काय उरतं? दिल्लीचं काय? अशा बायकांचं दुःख जगाला कळायला नको का?

"सर, तिनं सांगितलं ते खरं आहे."

"खरं हाये म्हनून त तिचं हाये."

"तुमचं ठीक आहे सर. तुमचं नाव झालं, नोकरी झाली. मला घरी काय सांगायचं?"

तेवढ्यात वर्ध्याची गाडी लागली आणि सर चढले. गाडीत आम्ही एका बाकावर बसलो. आर्वी मागे पडली तरी ते खिडकीबाहेर पाहत होते. वर्ध्याला उतरल्यावर म्हणाले, "उद्या घरी येजो. माह्याशी नको बोलू. अक्काशी बोल."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडं होतं. सर घरात नव्हते, मुद्दाम बाहेर गेले असावेत. अक्का सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, सरांसारखंच रुंद कपाळ. मला पाहून तिनं समोरचा पाट सरकवला.

"बापू म्हने का तू मोठं लिवलं." सरांना ती बापू म्हणायची.

मी पाटावर बसले. ती डाळ निवडत, माझ्याकडे न पाहता सांगू लागली. सेवाग्रामला आश्रम झाला त्या काळात देशभरातली शिकलेली माणसं आमच्या जिल्ह्यात यायला लागली होती. असाच एक विद्वान खेड्याचा अभ्यास करायला म्हणून तळेगावजवळ त्यांच्या गावी आला आणि हिवाळाभर त्यांच्या घरी राहिला. चांगला माणूस. सर तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते, अक्का नवऱ्याचं घर सोडून आलेली होती. "दादा म्हनत होती मी त्याले. राखी बांधली. जे मायले नाई सांगतलं थे त्याले सांगतलं."

पुढे त्यानं इंग्रजीत पुस्तक लिहिलं. नावं बदलली होती. आर्वीच्या एका नात्यातल्या वकिलानं ते वाचलं आणि चावडीवर त्याचा मराठीत अर्थ सांगितला. अक्का त्या दिवसापासून गावात विहिरीवर गेली नाही. आई-वडील गेल्यावर सरांनी तिला वर्ध्याला आणलं. त्याआधीच, सर कॉलेजात शिकत असताना, नागपूरच्या ग्रंथालयात ते पुस्तक त्यांच्या हाती पडलं. त्यात त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं, की घरातला धाकटा मुलगा काहीसा मंद आहे. ही ओळ ते सगळ्यांना सांगत. पुढची पानं अक्काबद्दल होती, ती त्यांनी कधी कोणाला सांगितली नाहीत. मीही सांगणार नाही.

"त्यानं काही वाईट लिहिलं होतं का तुमच्याबद्दल?" मी विचारलं.

अक्काचे हात पहिल्यांदा थांबले.

"नाई. लय मायेनं लिवलं म्हन्ते. खोटं लिवलं असतं त म्या भांडली असती, पोरी. खऱ्याशी कशी भांडू?"

ती पुन्हा डाळ निवडू लागली. मी निघाले तेव्हा तिनं मला थांबवलं नाही आणि काही समजावलंही नाही.

मी तो भाग काढला. पुन्हा गावी गेले, पुन्हा वाचलं. या वेळी बायका कमी आल्या. वेणू दारात बसून शेवटपर्यंत ऐकत होती. मला वाटलं ती समाधानी असेल. वाचन संपलं तशी म्हणाली, "मी त कोठीच नाई त्यात."

"तुमीच म्हनल्या ना काढ म्हनून."

"थे काढ म्हनलं. मले काढ नाई म्हनलं. लिव का एक बाई होती, तिनं सारं सांगतलं, अन् मंग म्हनली लिवू नको."

तसंच लिहिलं. एवढं एकच वाक्य, पान कोरं सोडून. सरांनी ते पाहिलं तेव्हा चष्मा कपाळावर चढवून पानाच्या अगदी जवळ गेले, बराच वेळ तसेच राहिले. नागपूरच्या विभागप्रमुखांनी मात्र अहवाल मिटून माझ्यापुढे सरकवला. "गाभाच काढून टाकलात तुम्ही." दिल्लीची अभ्यासवृत्ती त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाली. आई म्हणाली, "एक वर्स म्हनलं होतं. झालं." सुदैवानं पुलगावला नवीन निघालेल्या कनिष्ठ महाविद्यालयात जागा मिळाली, म्हणून लग्नाचं पुढे ढकललं गेलं. मी समाजशास्त्र शिकवायला लागले आणि सरांकडे जाणं सोडलं.

माझा राग बरेच दिवस टिकला. सर बरोबर होते हे मला पटलं होतं, आणि म्हणूनच तो जात नव्हता. ते बरोबर असण्याची किंमत मला मोजावी लागली होती.

एकदा वर्गात शिकवत होते. मागच्या बाकावर मुलं खुसखुसत होती. पाहते तर सर. पॅसेंजरनं पुलगावला आले होते आणि न विचारता येऊन बसले होते, मुलांच्या मधे, हाताची घडी घालून. मी शिकवत राहिले. तास संपता संपता त्यांनी हात वर केला.

"मॅडम, तुमी आता म्हनल्या का ग्रामीण भागात असं आढळते. कोनाले आढळते?"

वर्ग हसला. मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. सर उठले, मुलांना म्हणाले, "तुमच्या मॅडम बरोबर शिकवतात. फक्त कदीमदी विसरतात." मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. गाडी येईपर्यंत आम्ही वेणूबद्दल बोललो. पुढे मी नोकरी करत करत, हळूहळू, पीएच.डी. पूर्ण केली. विषय दुसरा घेतला.

ऐंशीच्या दशकात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. वऱ्हाडीत तासन्‌तास बोलणारा माणूस आता फक्त 'हं' म्हणू शकत होता, तोही सगळ्या गोष्टींसाठी एकच. न्यासाच्या नव्या पिढीला अभ्यासवृत्तीत रस उरला नव्हता. शेवटची एक द्यायची आणि बंद करायची असं ठरलं. समितीवर तोपर्यंत माझी नेमणूक झाली होती. स्टँडवर जाणं शक्य नव्हतं, म्हणून मुलाखत सरांच्या घरी ठेवली.

उमेदवार कारंजाकडचा एक तरुण होता. वीटभट्ट्यांवर हंगामाला जाणाऱ्या कुटुंबांवर त्याला काम करायचं होतं. तो बोलत होता, चांगलं बोलत होता, पण त्याची नजर पुन्हा पुन्हा सरांच्या वाकड्या झालेल्या तोंडाकडे जात होती आणि त्याचे शब्द अडखळत होते. सर त्याला काहीतरी विचारायचा प्रयत्न करत होते. "हं," ते म्हणाले. "हं. हं." त्यांच्या कपाळावर घाम आला. मला त्यांच्याऐवजी विचारता आलं असतं, पण त्यांना काय विचारायचं होतं हे मला ठरवता येईना. न्यासाचे सचिव घड्याळाकडे पाहू लागले.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं.

अक्का बाहेर आली. भिंतीला धरून, पदर डोक्यावर घेऊन, सावकाश. आम्ही सगळे उभे राहिलो. ती सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. शिकलेल्या परक्या माणसांसमोर ती अशी येऊन बसलेली त्या घरात कोणी पाहिली नव्हती. तिनं त्या मुलाकडे नीट पाहिलं.

"ज्यायच्यावर लिवशीन," ती म्हणाली, "त्यायच्या हाती थे कागद पडन, तवा तू कोठी असशीन?"

मुलगा गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सचिवांकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पुस्तकी मराठी गळून पडलं.

"मालूम नाई, आजी," तो म्हणाला. "थ्याचंच भेव वाटते."

अक्का सरांकडे वळली.

"भेव वाटते म्हन्ते, बापू. याले दे."

सर "हं" म्हणाले. मी कागदावर त्या मुलाचं नाव लिहिलं. सचिव उठले, मुलगा सरांच्या आणि अक्काच्या पाया पडून निघाला. अक्का मात्र उठून आत गेली नाही. अंधार पडेपर्यंत ती तिथेच, बाहेरच्या खोलीत, उघड्या दारासमोर बसून राहिली.